रे. टिळक: शाळेतले आणि घरातले

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या करिअरबद्दल दोन पानं लिहावीत, असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी चार दिवस काहीच लिहिलं नाही. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढं सांगितलं की माझं करिअर एका ओळीत संपतं. उरलेल्या जागेत प्रोजेक्टची नावं लिहायची का? मग वाटलं, त्यापेक्षा आपल्या वर्गातली एक उधारी फेडावी.

तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय माहीत नाही. मराठीच्या बाई ‘केवढे हे क्रौर्य’ शिकवत होत्या. जखमी झालेली पक्षीण पडत-उठत घरट्यापर्यंत येते, चोचीतला दाणा पिलांना देते आणि तिथेच मरते, ती कविता. बाईंनी ती इतकी सावकाश वाचली होती की मागच्या बाकावरची फुलीगोळ्याची वही बंद झाली. तास संपता संपता बाईंनी कवीचं नाव फळ्यावर लिहिलं, रे. ना. वा. टिळक, आणि विचारलं, रे. म्हणजे काय? कुणीतरी उठून सांगितलं, ते लोकमान्यांचे भाऊ. वर्ग हसला. बाईही हसल्या. पुन्हा विचारलं. कुणाचाच हात वर झाला नाही.

मला उत्तर माहीत होतं. दर रविवारी आजीच्या मांडीवरच्या ‘उपासना संगीता’त तेच नाव कितीतरी गीतांखाली छापलेलं असायचं. पण हात वर केला असता तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? माझ्या आडनावावरून काही कळत नाही, नगरमध्ये ते कुणाचंही असू शकतं. आम्ही ख्रिस्ती आहोत हे मी कुणापासून लपवलं नव्हतं, पण कुणाला सांगितलंही नव्हतं. तुम्ही कुणी काही म्हणाला नसतात, हे आज कळतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते कळत नाही. घंटा झाली आणि प्रश्न तसाच राहिला.

म्हणून ही दोन पानं टिळकांवर.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लहानपणची काही वर्षं कल्याणला गेली. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले, थोडं इंग्रजीही झालं. रीतसर शिक्षण मात्र अर्धवटच राहिलं. १८८० साली लग्न झालं. मुलगी गोखल्यांची, अकरा-बारा वर्षांची, माहेरचं नाव मनकर्णिका, सासरचं लक्ष्मी. लग्नानंतर पोटासाठी गावोगाव फिरणं सुरू झालं. टिळकांनी मास्तरकी केली, पुराण सांगितलं, छापखान्यात खिळे जुळवले. एका ठिकाणी फार दिवस टिकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कधी न सांगता घरातून निघून जायचे, पैसे हातात आले की वाटून टाकायचे, रागवायचे आणि तेवढ्याच पटकन निवळायचे. आमच्या क्षेत्रात असा माणूस प्रोबेशन पूर्ण करणार नाही.

१८९१ च्या सुमारास ते नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते. तिथे संस्कृत ग्रंथांचं काम करायचे आणि हिंदू धर्माची चर्चा करणारं ‘ऋषी’ नावाचं मासिकही त्यांनी काढलं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या धर्माचा कंटाळा आलेला माणूस असं मासिक काढत नाही. त्यांना शोध होता तो नव्या धर्माचा, जातिभेद नसलेल्या, देशाला एकत्र बांधील अशा. तो त्यांना घरातच, जुन्या ग्रंथांत मिळेल असं वाटत होतं.

मग १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा मिशनरी समोर बसला. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हातात बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं असणार. पण पुस्तक त्यांनी वाचायला घेतलं, आणि सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन, पारखायला म्हणून. ते अडकले मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी.

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ते जेमतेम तीन अध्याय आहेत. त्यात तत्त्वज्ञानाची परिभाषा नाही. मीठ आहे, मापाखाली झाकलेला दिवा आहे, पोराने भाकरी मागितली तर दगड न देणारा बाप आहे, खडकावरचं आणि वाळूवरचं घर आहे. पेरणी-कापणी न करताही पोट भरणारी पाखरं आहेत, आणि राजाला मिळणार नाहीत असे कपडे घातलेली रानफुलं आहेत. ज्या माणसाचे कान तुकोबांच्या अभंगांनी आणि जनाबाईच्या जात्याने घडले होते त्याला हा आवाज परका वाटला नसावा. टिळकांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे की ते ख्रिस्तापर्यंत आले ते तुकारामांच्या वाटेने. आधी मला हे वाक्य बेरजेचं राजकारण वाटायचं, दोन्हीकडच्यांना बरं वाटावं म्हणून केलेलं. डोंगरावरचं प्रवचन आणि गाथा शेजारी ठेवून वाचल्यावर तसं वाटत नाही. दोघेही देव सांगायला घरातली भांडी आणि शेतातली पाखरं वापरतात.

काही काळ टिळकांनी टोपणनावाने एका ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार केला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताची दोन वर्षं पुरी होत आली होती.

आता इथपर्यंतची गोष्ट आमच्या संडे स्कूलमध्ये सांगत, आणि इथेच थांबत. आगगाडी, बायबल, बाप्तिस्मा, टाळ्या. पुढची गोष्ट मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळली. हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीने, ती ख्रिस्ती नव्हती, मला लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिलं, आणि तुझ्या गावचं आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची टेस्ट होती. ती टेस्ट माझी गेली, याला लक्ष्मीबाई जबाबदार आहेत.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत, आणि तरीही गेलेला. कर्मठ घरातल्या बाईला त्या काळी याहून विचित्र संकट नसेल. ती विधवा नव्हती, पण नवऱ्याच्या घरी पाणी पिऊ शकत नव्हती. सुमारे साडेचार वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, त्यातली बरीच पंढरपुरात. टिळकांची पत्रं येत राहिली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही आणि हिला सोडलीही नाही. त्या काळात कायदा आणि सल्लागार, दोघेही त्यांना वेगळी वाट दाखवायला तयार असतील. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण मी टिळकांना सगळंच माफ करत नाही. फुलाची पाकळी दुखावू नये म्हणून जपणाऱ्या या माणसाने आपल्या निर्णयाची किंमत कोण भरणार याचा हिशोब आधी केला नव्हता. ती भरली लक्ष्मीबाईंनी आणि लहान दत्तूने. आमच्याकडे मोठा बदल लाइव्ह करण्याआधी त्यावर कोणकोण अवलंबून आहे त्याची यादी करतात. टिळकांनी ती यादी केली असती तर कदाचित बाप्तिस्मा घेतलाच नसता, हेही खरं. या गोष्टीवर मी आणि माझी आई अजून भांडतो. आई टिळकांच्या बाजूने असते.

लक्ष्मीबाई शेवटी दत्तूला घेऊन नवऱ्याकडे नगरला आल्या, पण सोवळं घेऊनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते मोडण्याची जबरदस्ती केली नाही. मग लक्ष्मीबाईंनी एक दिवस स्वतःच विचार केला, की जाती जर देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जसा आकाराचा, रूपाचा फरक दिसतो तसा माणसांत दिसला असता. तो दिसत नाही, म्हणजे हे माणसांचं काम. त्या विचारानंतर त्यांनी विटाळ सोडला, आधी विटाळ, आणि मग पुढे १९०० साली बाप्तिस्मा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने पाखरं आणि माणसं यांच्याकडे नुसतं बघून काढलेला हा निष्कर्ष आहे. नवऱ्याला जे घडायला एक आगगाडी, एक मिशनरी आणि दोन वर्षांचं वाचन लागलं, ते तिने कुणाच्या उपदेशाशिवाय केलं. टिळकांच्या चरित्रातली माझ्या मते ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि ती टिळकांनी घडवलेली नाही.

नगर-राहुरीच्या वर्षांत टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा होती. पोटच्या मुलांबरोबर पोरकी मुलं वाढत होती. पाहुणा किती दिवस राहणार हे त्यालाही माहीत नसे. घरखर्चाचा मेळ लक्ष्मीबाई घालायच्या आणि टिळक तो बिघडवायचे. याच घरात एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा येऊन राहिला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराने कविता म्हटली आणि बालकवी ही पदवी मिळवली. टिळकांनी त्याला हेरलं आणि नगरला आपल्या घरी आणलं. तो हट्टी, रुसका, झऱ्याशी बोलणारा. हे फुलांशी बोलणारे. दोघांना जेवायला हाका मारून मारून लक्ष्मीबाईंचा घसा बसत असणार. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घरातलं त्यांचं मुलाचं स्थान त्यामुळे हललं नाही. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे.

टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. शाळेत हे बिरुद आपण एका मार्कासाठी पाठ केलं. त्यात गोड-गोड काहीतरी आहे असं तेव्हा वाटायचं. पण ‘वनवासी फूल’ वाचा. रानात एकट्या फुललेल्या फुलाशी कवीचा तो लांबलचक वाद आहे, जगापासून दूर राहावं की जगात राहावं यावरचा. फूल तिथे शोभेला ठेवलेलं नाही, ते कवीच्या बरोबरीने बोलतं. आणि आपल्या धड्यातली पक्षीणही नुसती दयेचा विषय नाही. मरणाऱ्याने आपल्या तोंडचा दाणा पिलांना देणं, हे ज्याने शुभवर्तमान वाचलं आहे त्याला कुठल्या गोष्टीची आठवण करून देतं, ते मी वेगळं सांगायला नको. कवितेत ख्रिस्ताचं नावही नाही. म्हणून तर ती सगळ्या वर्गाची होऊ शकली.

चर्चमधल्या गीतांत मात्र नाव आहे, आणि इथे टिळकांनी जे केलं त्यावर आमची आजी वाढली. त्यांच्या आधी चर्चमध्ये बहुतेक इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गात. शब्द मराठी, पण गळ्याला अवघड. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, भजनं लिहिली. शंभरावर गीतं आजही गायली जातात. ख्रिस्त त्यांत गुरू आहे, माउली आहे, सखा आहे. टाळ-मृदंगावर भजन, कथेकऱ्यासारखं उभं राहून कीर्तन, हे सगळं त्यांनी मनापासून केलं. परदेशी कुंडीतला धर्म त्यांना इथल्या काळ्या मातीत लावायचा होता. मिशनमधल्या काहींना ते रुचलं नाही आणि हिंदू मंडळींना ते मुळातच रुचलं नव्हतं. दोन्हीकडून पाऊस, मधे टिळक. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी बाजूचं संपादनही ते करत होते.

आजी चौथीपर्यंत शिकलेली. तिचा धर्म स्वयंपाकघरात चालायचा. कणीक तिंबताना टिळकांचा अभंग, आणि मधेच माझ्याकडे बघून एखादा धडा. मीठ डब्यात राहिलं तर खारट, भाजीत गेलं तर चव. पडवळाच्या टोकाला दगड बांधतात ते पडवळ सरळ वाढावं म्हणून, शिक्षा म्हणून नव्हे. मला कंटाळा यायचा. अकरावीत मी तिला सांगितलं की दगडाने पडवळाला काही कळत नाही, ते गुरुत्वाकर्षण आहे. ती म्हणाली, असेल, पण दगड बांधायला कुणीतरी यावं लागतं ना.

एक उन्हाळा आठवतो. गल्लीत टँकर चार दिवसांनी यायचा. आई आणि मी हंडे, बादल्या, पातेली रांगेत लावून बसायचो. घरात पाणी आलं की पहिली वाटी आजी गच्चीच्या कठड्यावर ठेवायची, चिमण्यांसाठी. मग माठ, मग बाकीचं. मी चिडायचे. माणसांना पुरत नाही आणि चिमण्यांचं काय? आजीने त्यावर काही उपदेश केला नाही. ती फक्त वाटी ठेवून यायची. टिळकांची पक्षीण आणि डोंगरावरच्या प्रवचनातली पाखरं माझ्या डोक्यात त्या वाटीवर येऊन बसली ती पुष्कळ वर्षांनी, परदेशात क्लायंटच्या ऑफिसात, खिडकीबाहेर बर्फात कुणीतरी टांगलेलं दाण्यांचं भांडं बघताना.

टिळकांचं शेवटचं वळण मला सर्वांत अवघड वाटतं. १९१७ साली, छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार गेला, घर गेलं. साताऱ्याला बस्तान हलवलं आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही यात येईल, बाप्तिस्मा घेतलेला किंवा न घेतलेला. ज्या बाप्तिस्म्यापायी स्वतःच्या संसाराची साडेचार वर्षं गेली, त्या बाप्तिस्म्याची अट त्यांनी शेवटी दारावरून काढून टाकली. याला कुणी विसंगती म्हणेल. मला वाटतं, घरात वेगळी चूल मांडून बसलेली लक्ष्मी आणि कधीच ख्रिस्ती न झालेला बालकवी, या दोघांना टिळक आपलं माणूस मानत होते, मग देवाच्या दारात त्यांना कसं अडवणार?

दरबार फार चालला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. तब्येत ढासळली, उपचारांसाठी मुंबईला नेलं आणि ९ मे १९१९ ला टिळक तिथेच वारले. बालकवींना जाऊन एक वर्ष आणि चार दिवस झाले होते. ख्रिस्ताच्या जीवनावरचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या मोजक्या अध्यायांवर अडलेलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. अक्षरओळख नवऱ्याकडून झालेल्या बाईने नवऱ्याचं पुस्तक पूर्ण केलं, आणि मध्ये ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्याच्याहून जास्त वाचली गेली. १९३६ साली त्या गेल्या. दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, दोघांचं लेखन जपलं.

आजी गेली त्याला अकरा वर्षं झाली. तिचं ‘उपासना संगीत’ माझ्याकडे आहे. बांधणी सुटली आहे, पानांना हळदीचे डाग आहेत. टिळकांच्या गीतांवर तिने पेन्सिलने खुणा केल्या आहेत, बहुतेक बेरीज-वजाबाकीच्या. दुधाचा हिशोब आहे तो, मी ताडून पाहिला.

तर बाई, तुम्ही स्नेहमेळाव्याला येणार आहात असं ग्रुपवर वाचलं. तुमचा प्रश्न तीस वर्षं फळ्यावर तसाच आहे. रे. म्हणजे रेव्हरंड. चर्चच्या पाळकाला म्हणतात. आणि ते लोकमान्यांचे भाऊ नव्हते.